३०० प्रतींची रेकॉर्ड

बर्लिनमधल्या एका लहान लेबलची, म्हणजे रेकॉर्डी काढणाऱ्या छोट्या कंपनीची, नवी रेकॉर्ड या आठवड्यात कारखान्यातून आली. बारा इंची काळी तबकडी, दोन्ही बाजू मिळून टेक्नो संगीताचे चार तुकडे, प्रती ३००. मुखपृष्ठ नाही, कलाकाराचा फोटो नाही. साध्या पांढऱ्या पाकिटावर रबरी शिक्का मारायचा आणि आत माहितीचा एक कागद सरकवायचा, एवढीच सजावट. शिक्के मारायला आम्ही चार-पाच जण लेबल चालवणाऱ्याच्या घरी जमतो. तो दिवसा एका रुग्णालयात परिचारकाचं काम करतो. लेबलवर त्याचं पोट चालत नाही, आणि चालावं अशी त्याची इच्छाही नाही. रेकॉर्डी विकल्या गेल्या की पुढची छापण्यापुरते पैसे सुटतात, तेवढं त्याला पुरतं.

नागपुरात फोनवर हे सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो. बाबा विचारतात, मामा विचारतात, बर्डीवर दुकान असलेला माझा चुलतभाऊ तर दर वेळी विचारतो, "मग तो हे मोठं काऊन नाही करत?" प्रश्न अगदी रास्त आहे. त्याचं उत्तर फोनवर नीट देता येत नाही, म्हणून लिहिते आहे.

आधी संगीताबद्दल. टेक्नो म्हटलं की आपल्याकडे विसर्जनाच्या मिरवणुकीतला डीजे आठवतो. फुटाळ्याच्या वाटेवर ट्रकवर रचलेल्या स्पीकरच्या भिंती, छातीत बसणारे दणके, थरथरणारी तावदानं. मिनिमल टेक्नो आणि त्याचा भाऊबंद असलेलं हाउस हेही यंत्रांवर घडवलेलं, स्पीकरच्या भिंतींतूनच ऐकायचं नाचाचं संगीत आहे, पण त्याचा स्वभाव निराळा. मिनिटाला साधारण १२५ ठोके, चारही मात्रांवर किक (मोठ्या ढोलाचा ठोका), मधल्या जागांत हाय-हॅट (झांजांच्या जोडीची चिकचिक), खाली दोन-तीन सुरांची बेसलाइन (खर्जातली ओळ). बाकी सगळं काढून टाकलेलं. नवख्या माणसाला पहिली दोन मिनिटं वाटतं की यात काही घडतच नाहीये. मग केव्हातरी कळतं की हाय-हॅट किंचित उघडली आहे, टाळीचा आवाज केसभर उशिरा पडतो आहे, बेसमधला एक सूर गळला आहे आणि त्याची उणीव अंगाला जाणवते आहे. एकल तबलावादनात लेहरा, म्हणजे साथीची छोटी धून, तोच तो फिरत राहतो आणि त्यामुळेच कान तबल्यावर ठरतो, तसं काम इथे किक करते. ज्यांनी धनवटे सभागृहात बसून तबला ऐकला आहे, त्यांना हे संगीत कळायला फार वेळ लागणार नाही, असं मला मनापासून वाटतं.

हे संगीत तबकडीवर का काढायचं, या प्रश्नात मला सगळ्यात जास्त रस आहे. फाइल पाठवली की काम होतं, हे खरंच. पण तबकडीला स्वतःच्या अटी असतात आणि त्या अटींनी या संगीताला घडवलं आहे. रेकॉर्ड कापणारा तंत्रज्ञ ॲल्युमिनिअमच्या चकतीवरच्या लॅकर या रोगणाच्या थरात तापलेल्या सुईने चर कोरतो. बेस जितका जड, तितका चर रुंद, आणि चर रुंद झाले की एका बाजूवर मावणारी मिनिटं कमी. म्हणून दणदणीत वाजायची असेल तर बारा इंची रेकॉर्डच्या एका बाजूवर दहा-बारा मिनिटांहून फार जास्त भरत नाहीत. खालचे सूर डाव्या-उजव्या कानात वेगळे ठेवले तर सुई वर-खाली उसळते आणि चराबाहेर पडू शकते, म्हणून बेस दोन्हीकडे एकसारखा, अगदी मधोमध. तबकडीच्या आतल्या भागात चराचा वेग मंदावतो, त्यामुळे तिथे बारीक, चमकदार आवाज मळके होतात. मग हाय-हॅट जास्त असलेला तुकडा बाहेरच्या कडेला, गडद तुकडा आत. ऐकणाऱ्याला वाटतं क्रम कलाकाराने लावला. बहुतेक वेळा तो सुईने लावलेला असतो!

कोरलेल्या लॅकरवर आधी चांदीचा आणि मग निकेलचा थर चढवतात, त्यावरून साचे निघतात, आणि साच्यांत गरम प्लास्टिकचा गोळा दाबला की रेकॉर्ड तयार. साच्यांचा खर्च १०० प्रतींना तेवढाच आणि हजारालाही तेवढाच. १०० छापल्या तर एकेक प्रत परवडत नाही, हजार छापल्या तर सातशे पलंगाखाली राहतात. ३०० हा आकडा इथून येतो. दुकानात अशी रेकॉर्ड साधारण बारा ते पंधरा युरोंना मिळते, त्यातले दुकानदाराचे, वितरकाचे आणि कारखान्याचे वजा केले की लेबलच्या हाती थोडेच उरतात. शिवाय ही साखळी नाजूक आहे. लॅकरच्या चकत्या बनवणारे मोठे कारखाने जगात दोनच होते, एक कॅलिफोर्नियात आणि एक जपानात. फेब्रुवारी २०२० मध्ये कॅलिफोर्नियातला अपोलो मास्टर्स हा कारखाना जळाला आणि जगभरच्या लहान-मोठ्या लेबलांच्या पोटात गोळा आला.

इथे मला एक गोष्ट ठासून सांगायची आहे, कारण बर्लिनला आलेले आपले पर्यटकही ती विसरून परततात. हे संगीत बर्लिनचं नाही. ते अमेरिकेतल्या काळ्या तरुणांनी घडवलं. हाउसची सुरुवात शिकागोची. तिथे १९७७ मध्ये उघडलेल्या वेअरहाउस क्लबात फ्रँकी नकल्स रेकॉर्डी लावायचा, आणि तिथे नाचायला येणारे बहुतेक काळे आणि समलिंगी होते, ज्यांना शहरातल्या इतर ठिकाणी मोकळं वाटत नव्हतं. डेट्रॉइटमध्ये मोटारींचे कारखाने ओस पडत असताना हुआन ॲटकिन्स, डेरिक मे आणि केविन सॉन्डरसन यांनी टेक्नोची पायाभरणी केली. रोलंड कंपनीची ८०८ आणि ९०९ ही तालयंत्रं बाजारात फारशी चालली नव्हती. काही वर्षांत त्यांचं उत्पादन थांबलं, ती जुन्या बाजारात स्वस्तात आली आणि या पोरांच्या हाती लागली. पुढे माइक बँक्स आणि जेफ मिल्स यांनी अंडरग्राउंड रेझिस्टन्स नावाचं लेबल काढलं. चेहरे झाकलेले, मोठ्या कंपन्यांना ठाम नकार, रेकॉर्ड छापणं आणि विकणं आपल्याच हातात. त्याच मंडळींतल्या रॉबर्ट हूडने १९९४ मध्ये 'मिनिमल नेशन' काढली आणि मिनिमल टेक्नोचा पाया तिथे पडला. बर्लिनची भिंत पडल्यावर तिथल्या पूर्वीच्या वेर्टहाइम डिपार्टमेंट स्टोअरच्या तळघरातल्या तिजोरीत १९९१ मध्ये ट्रेझर हा क्लब सुरू झाला, आणि त्याच नावाच्या लेबलची पहिली रेकॉर्ड होती डेट्रॉइटच्या याच लोकांची.

हे वाचलं-ऐकलं तेव्हा मला दीक्षाभूमी आठवली. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला तिथे लागणारे स्टॉल नागपूरकराला सांगायला नकोत. पुस्तिका, कॅलेंडरं, आणि भीमगीतांच्या कॅसेटी, नंतर सीडी. वामनदादा कर्डकांचे शब्द, ढोलकी, कोरस, आणि कॅसेटवर कुठल्यातरी लहान कंपनीचं नाव. ज्यांच्यासाठी मोठ्या दुकानांत आणि रेडिओवर जागा नव्हती, त्यांनी आपली गाणी आपण रेकॉर्ड केली, आपण विकली, आणि ती खेड्यापाड्यांत पोचली. स्वतंत्र लेबल म्हणजे काय हे समजायला नागपूरच्या माणसाला बर्लिनपर्यंत येण्याची गरजच नाही. शाळेत असताना त्या स्टॉलांवरून मी कित्येकदा गेले, पण गाणी ऐकण्यापलीकडे त्यामागची मेहनत बघावी असं तेव्हा कोणी सुचवलं नव्हतं.

आणखी एक नाव आपल्या लोकांना माहीत हवं, ते म्हणजे चरणजीत सिंग. मुंबईच्या चित्रपटसृष्टीत वाजवणारा वादक. १९८२ मध्ये त्यांनी रोलंडची ८०८, ३०३ ही बेसची पेटी आणि ज्युपिटर-८ सिंथेसायझर घेऊन भैरव, ललित, भूपाळी असे दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवले आणि एचएमव्हीने ती रेकॉर्ड काढली. फारशी कोणी घेतली नाही. त्याच ३०३ वर शिकागोच्या फ्युचर या गटाने केलेली, ॲसिड हाउस या शैलीची सुरुवात मानली जाणारी 'ॲसिड ट्रॅक्स' आली १९८७ साली, म्हणजे पाच वर्षांनंतर. चरणजीत सिंगांची रेकॉर्ड २०१० मध्ये पुन्हा बाजारात आणली ती एका डच संग्राहकाच्या लहानशा लेबलने. म्हाताऱ्या चरणजीतजींना मग युरोपातल्या मंचांवर बोलावणी आली. २०१५ मध्ये ते गेले. मूळ रेकॉर्ड मोठ्या कंपनीकडे होती, पण तिची किंमत कळली ती छोट्या लेबलला.

तर, मोठं का नाही करत? इथली लेबलं बघितली की दिसतं, बहुतेकांनी हा प्रश्न स्वतःला विचारून झालेला आहे. मार्क एर्नेस्टुसने १९८९ मध्ये बर्लिनमध्ये हार्ड वॅक्स हे रेकॉर्डचं दुकान उघडलं. १९९३ मध्ये मोरित्झ फॉन ओस्वाल्डबरोबर बेसिक चॅनल हे लेबल काढलं. १९९५ मध्ये याच वर्तुळातून डबप्लेट्स अँड मास्टरिंग हा रेकॉर्ड कापण्याचा स्टुडिओ उभा राहिला. दुकान, लेबल आणि कापायचं यंत्र, तिन्ही आपल्या माणसांच्या हाती. त्यामुळे कोणाला पटवायची गरज उरली नाही. बारा मिनिटांचा तुकडा, ज्यात धुक्यासारखा एकच स्वरसमूह येतो-जातो, तो छापायला कुठल्या साहेबाची सही लागली नाही. हार्ड वॅक्समध्ये आजही प्रत्येक रेकॉर्डबद्दल एखादी ओळ लिहिलेली असते, जेमतेम पाच-सात शब्द. विकणाऱ्याने ती खरोखर ऐकलेली असते, हे त्या ओळीवरून कळतं. झिप आणि मार्कुस निकोलाय यांनी १९९७ मध्ये फ्रँकफर्टला सुरू केलेलं पेर्लोन अजूनही मुख्यतः तबकडीवरच काढतं. रिकार्दो व्हिलालोबोससारखा जगभर गर्दी खेचणारा माणूस त्यांच्याकडे असूनही.

माझ्या परिचारक मित्राला एकदा एका मोठ्या वितरकाने विचारलं होतं, प्रती वाढवा, जाहिरात आम्ही करतो. त्याने नाही म्हटलं. कारण सरळ होतं. हजार प्रती खपवायच्या तर वर्षाला चार रेकॉर्डी काढाव्या लागतील, आणि त्याला आवडणारे इतके तुकडे वर्षात येत नाहीत. कधी दीड वर्षात एकच रेकॉर्ड निघते. मला त्याचा हा हिशेब पटतो. माझ्या चुलतभावाला अजून पटलेला नाही, पण निदान तो आता ऐकून घेतो.

क्लबांबद्दल थोडक्यात. दारात मोबाइलच्या कॅमेऱ्यावर स्टिकर लावतात, आत फोटो बंद. रविवारी दुपारी पन्नाशीतली माणसं नाचताना दिसतात. मी एकटी जाते, एकटी नाचते, आणि कोणी टक लावून बघत नाही. कोणी त्रास दिलाच तर सांगायला आत माणसं नेमलेली असतात. पश्चिम बर्लिनने क्लब-गुत्त्यांच्या बंद होण्याची वेळ १९४९ मध्येच काढून टाकली होती. मार्च २०२४ मध्ये बर्लिनची टेक्नो संस्कृती जर्मनीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत आली. पण त्याच वर्षाच्या शेवटी वॉटरगेट हा नावाजलेला क्लब बंद झाला. जागांची भाडी इतकी चढली आहेत की यादीत नाव येऊन जागा टिकत नाही.

आता नागपूर. मनीषनगरला राहणारा माझा भाचा लॅपटॉपवर तुकडे बनवतो. मागच्या मारबतीला, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीच्या नागपूरच्या सणाला, त्याने मिरवणुकीतला ताशा फोनवर टिपला, त्यातला एकच ठोका कापला आणि हाय-हॅटच्या जागी बसवला. त्याचे दोन मित्रही हेच करतात. तिघांचं म्हणणं असं की हे करायचं तर मुंबईला नाहीतर बंगळूरला जावं लागेल. मी त्यांना बुखारेस्टचं सांगितलं. तिथल्या ऱ्हाडू, पेत्रे इन्स्पिरेस्कू आणि रारेश या तिघांनी २००७ मध्ये आपलं लेबल काढलं, तेव्हा हे संगीत रोमानियात शोधायला कोणी जात नव्हतं. आता बर्लिनचे लोक त्यांच्या रेकॉर्डींसाठी दुकानात रांग लावतात. तिघांकडे मिळून चार चांगले तुकडे असतील तर लेबल झालंच की. तबकडीचा खर्च आत्ताच कशाला, बँडकॅम्प या संगीत विकायच्या संकेतस्थळावर टाका, नाव एक ठेवा, नीट मास्टरिंग (आवाजाची शेवटची सफाई) करून घ्या आणि पुढचे चार होईपर्यंत घाई करू नका.

ताशाचा तो तुकडा मी शिक्के मारण्याच्या संध्याकाळी सगळ्यांना ऐकवला. मारबत म्हणजे काय हे त्यांना ठाऊक नव्हतं आणि मी आधी सांगितलंही नाही. परिचारक मित्राने शिक्का खाली ठेवला आणि पुन्हा लावायला सांगितलं. मग त्याच्या सूचना आल्या. सुरुवातीला बेस नको, ३२ आवर्तनं नुसता ताशा आणि किक राहू दे. ताशावरचा प्रतिध्वनी अर्धा कर. आणि तुकडा साडेचार मिनिटांचा आहे, तो साडेसहाचा कर.

मी हे भाच्याला कळवलं. त्याचा लगेच निरोप आला, "मावशी, साडेसहा मिनिटं कोण ऐकून राह्यलं आजकाल?" त्याला समजावलं की पुढची-मागची मिनिटं डीजेसाठी असतात. आधीची रेकॉर्ड संपत असताना तुझी हळूहळू आत आणायला त्याला मोकळी जागा लागते, आणि ती नसली तर तुकडा कितीही चांगला असो, तो पेटीतून काढणारच नाही. शिवाय ऐकणाऱ्याचा कान ताशाच्या त्या कोरड्या आवाजावर बसायला वेळ लागतो. तो बसण्याआधीच तू बेस आणतोस. हे मात्र त्याला लगेच पटलं. रात्री नवी फाइल आली, सहा मिनिटं पन्नास सेकंदांची, आणि बेस तिसऱ्या मिनिटाला.

पोळ्याला मी नागपुरात असणार आहे. लेबलचं नाव तोवर ठरवा, असं तिघांना सांगून ठेवलं आहे. आणि या वेळी मारबतीचा आवाज फोनवर नको, मी इथून चांगला रेकॉर्डर घेऊन येते.