नाइट ड्यूटीनंतर ३ मिनिटांचं जंगल

आज नर्सिंग स्टाफसाठी व्हीआर हेडसेटचं (डोळ्यांवर घालायचा, चहूबाजूंनी दृश्य दाखवणारा चष्मा) सत्र झालं. एक गोष्ट पुन्हा ठळक जाणवली: व्हिडिओपेक्षा तयारी महत्त्वाची. अमेरिकेत ओहायोमध्ये कोविड वॉर्डातल्या १०२ कर्मचाऱ्यांना हिरव्या निसर्गाचा ३६० अंशांतला व्हिडिओ फक्त ३ मिनिटं दाखवला, तेवढ्यानंही त्यांनी सांगितलेला ताण उतरला (२०२२चा अभ्यास). त्यात तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, हेही लक्षात असू द्या.

कॅमेरा एका जागी स्थिर असलेलाच व्हिडिओ निवडा. कॅमेरा हलला की दृश्य पळतं आणि शरीर मात्र खुर्चीत. डोळे आणि आतल्या कानाचा मेळ बसत नाही, मग मळमळतं. हेडसेटच्या दोन लेन्समधलं अंतर प्रत्येकीसाठी वेगळं लावा, नाहीतर चित्र धूसर दिसतं आणि डोकं चढतं. सिलिकॉनचं कव्हर दर वेळी पुसा, पण लेन्सला स्पिरिट अजिबात नको, कोटिंग जातं. कोरडं मायक्रोफायबर पुरे. अपस्मार किंवा चक्करचा त्रास असेल तर हेडसेट देऊच नका.

आणि फोन सहकारी सिस्टरकडे द्या! कधी बोलावतील या धास्तीत जंगल दिसतच नाही. हेडसेट काढल्यावर दोन मिनिटं बसू द्या, लगेच इंजेक्शन भरायला पाठवू नका. अपुऱ्या स्टाफवर हा उपाय नाही. रिलीव्हर (बदली सिस्टर) आली तरच ही ३ मिनिटं मिळतात.