पीओचं दुसरं पान

मार्चमधल्या एका मंगळवारी कोर्टाने माझ्या अशिलाचा दावा परत दिला. फेटाळला नाही. 'योग्य त्या कोर्टात दाखल करण्यासाठी परत' असा आदेश होऊन बांधलेला गठ्ठा माझ्या हातात आला. व्हरांड्यात अशील विचारत होते, "म्हंजे आपण जिकलो का हरलो, वकीलसाहेब?" इतकी वर्षं दिवाणी कामं करूनही मला पटकन उत्तर देता आलं नाही.

अशील इचलकरंजीचे यंत्रमागधारक. ग्रे, म्हणजे न रंगवलेलं कोरं कापड विणायचं आणि विकायचं. 2021 साली अहमदाबादच्या एका व्यापाऱ्याला सात खेपांत माल गेला आणि 23 लाखांची बाकी राहिली. सौदा दलालामार्फत, पैसे 60 दिवसांत. दीड वर्ष 'या आठवड्यात करतो' ऐकण्यात गेलं, मग फोन उचलणंच बंद. माझ्याकडे आले तेव्हा पिशवीत बिलं, बिल्ट्या म्हणजे ट्रकवाल्याच्या मालपावत्या, खातेउतारा आणि बाकी कबूल असल्याचं त्या व्यापाऱ्याच्या सही-शिक्क्याचं पत्र होतं. वसुलीच्या दाव्यात असं पत्र हाताला लागणं म्हणजे लॉटरीच. मी खूश झालो आणि आणखी काही कागद आहेत का, हे विचारायचं राहून गेलं.

रक्कम 3 लाखांच्या वर, म्हणून काम कमर्शियल कोर्टाचं. त्याआधी मध्यस्थीचा अर्ज करावा लागतो. सुप्रीम कोर्टाच्या 2022 च्या पाटील ऑटोमेशनच्या निकालानंतर तर त्याला पर्यायच नाही, तातडीचा अंतरिम हुकूम मागायचा असेल तरच सूट. समोरचा मध्यस्थीला येत नाही हे सगळ्यांना माहीत असतं, तोही आला नाही. मग दावा. अधिकारक्षेत्राचा परिच्छेद मी डोळे झाकून लिहिला: 'दाव्यास कारण मे. कोर्टाचे स्थळसीमेत घडले'. सौदा इथे ठरला, माल इथून ट्रकमध्ये चढला, पैसे इथल्या बँकेत यायचे होते. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 20 ला एवढं पुरतं. दावा प्रतिवादी जिथे राहतो किंवा धंदा करतो तिथे लावता येतो, आणि दाव्याचं कारण थोडंसंही जिथे घडलं तिथेही. शिवाय प्रत्येक बिलाच्या तळाशी बारीक अक्षरात छापलेलं होतंच, 'सब्जेक्ट टू इचलकरंजी ज्युरिस्डिक्शन'. ही ओळ या गावात बिलबुकावर आपोआप येते. छापखान्यातला माणूस विचारतसुद्धा नाही.

प्रतिवादीचा जबाब आला 112 व्या दिवशी. 120 दिवस उलटले की कमर्शियल कोर्टात जबाब घेतच नाहीत, त्यामुळे ही मंडळी शेवटच्या आठवड्यातच जागी होतात. पहिल्याच परिच्छेदात हरकत होती, या कोर्टाला अधिकार नाही. सोबत दोन पानी पीओ, म्हणजे खरेदीदाराची लेखी ऑर्डर. पहिल्या पानावर मीटर, पन्हा, दर. दुसऱ्या पानावर चौदा अटी, इतक्या बारीक की मी चष्मा काढून कागद नाकाशी धरला. तेरावी अट होती, सर्व वाद फक्त अहमदाबादच्या कोर्टांत. चौदावी, पुरवठादाराच्या बिलावर वेगळं काही छापलेलं असलं तरी याच अटी लागू. आणि खाली 'स्वीकारले' या शब्दाशेजारी अशिलाच्या मुलाची सही.

हरकत वेळेत होती. कोर्ट वादाचे मुद्दे काढेपर्यंत ती घेतली नाही तर कलम 21 आडवं येतं आणि प्रतिवादीला पुढे सहसा काही बोलता येत नाही. समोरचे वकील तरुण, पण कागद वाचणारे. आमच्या बारमध्ये ही जात कमी होत चालली आहे, आणि त्या दिवशी मीही त्या घटणाऱ्यांतच मोडत होतो.

युक्तिवाद पाऊण तास चालला. मी 2013 चा स्वस्तिक गॅसेसचा निकाल दिला. अटीत 'फक्त' हा शब्द नसला तरी एका गावाचं नाव घातलं म्हणजे बाकीची गावं वगळली, असं सुप्रीम कोर्ट त्यात म्हणतं. मग आमच्या बिलावरची ओळही पुरेशी, आणि बिल पीओनंतरचं. समोरच्या वकिलांनी सुप्रीम कोर्टाचाच 1989 चा एबीसी लॅमिनार्टचा निकाल काढला. त्यातली 'सब्जेक्ट टू कैरा ज्युरिस्डिक्शन' ही ओळ आमच्या ओळीची जुळी बहीण, आणि तेवढ्याने दुसरं कोर्ट बाद होत नाही असं तिथे ठरलं. वर त्यांचा खरा मुद्दा, बिल एकतर्फी, त्यावर खरेदीदाराची सही नाही, पीओवर मात्र वादीची सही आहे. मी म्हणालो, करारानं कोर्टाचा अधिकार काढून घेता येत नाही. न्यायाधीश मान वर न करता म्हणाले, "हकम सिंग, 1971. पूर्ण वाचा." खरं होतं. त्या निकालाप्रमाणे ज्या कोर्टाला मुळात अधिकारच नाही त्याला तो करारानं देता येत नाही, पण दोन कोर्टांना असेल तर पक्षकार त्यातलं एक निवडू शकतात. पीओत चेन्नई लिहिलं असतं तर ती अट मी उडवून लावली असती. अहमदाबाद तर प्रतिवादीचं गावच.

मग न्यायाधीशांनी विचारलं, "वकीलसाहेब, सही नाकारता का?"

मी मागे वळलो. मुलगा मागच्या बाकावरून उभा राहिला होता. त्याला बोलायचं कारण नव्हतं, पण तो म्हणाला, "माझीच हाय साहेब. फोनवर पीडीएफ आली, मी सही करून परत पाठवली." वडील त्याच्याकडे बघत राहिले. असल्या कागदाबद्दल ते त्या क्षणी पहिल्यांदाच ऐकत होते.

पाच मिनिटांत आदेश. पुढच्या कोर्टात हजर राहायची तारीख मी इथेच मागून घेतली. इथे प्रामाणिकपणे घालवलेला काळ दावा लावायच्या मुदतीतून वगळला जातो, म्हणून दावा मुदतबाह्य होणार नाही, हे अशिलांना समजावलं. सुप्रीम कोर्टाच्या 2020 च्या एक्झल करिअर्सच्या निकालानंतर परत गेलेला दावा नव्या कोर्टात पहिल्या पायरीपासून चालतो. आमचा साक्षीपुरावा झाला नव्हता, एवढंच बरं. अपील करता आलं असतं, पण ते म्हणाले, "ह्यो आपला माणूस न्हाई, तो आपला माणूस न्हाई, मग आपलं कोर्ट कुठलं वो?" मग हळूच, "पैसं देणं लागतोय हे तरी मान्य हाय न्हवं त्याला?" मान्य होतं. तसं पत्र दाव्याला जोडलेलं होतं. त्या पत्राकडे कोर्टात कुणी पाहिलंही नाही, आणि कायद्याने पाहायची गरजही नव्हती.

अशिलांचाही दोष नाही. आधीच्या एका व्यापाऱ्याचा चेक परत आला होता तेव्हा केस इथेच चालली होती. चेकबाबत 2014 मध्ये सुप्रीम कोर्टाने चेक काढणाऱ्याच्या बँकेचं गाव धरलं आणि गठ्ठ्यांनी फिर्यादी परत गेल्या. 2015 च्या दुरुस्तीने त्या पुन्हा पैसे घेणाऱ्याच्या बँकेच्या गावी आल्या. चेक इथे चालतो, मग बिल का नाही, हा त्यांचा प्रश्न साधा आहे. या वेळी व्यवहार आरटीजीएसने होता, चेक नव्हताच.

आता रात्री डोक्यात घोळतं ते सूक्ष्म आणि लघु उद्योगांच्या थकलेल्या पैशांचे वाद ऐकणाऱ्या सरकारी परिषदेचं. पुरवठादार लहान उद्योग म्हणून नोंदलेला असेल तर त्याच्या भागातल्या परिषदेकडे जाता येतं, खरेदीदार भारतात कुठेही असो. ते मी तपासलं होतं. यांची नोंदणी 2022 ची, कर्जासाठी केलेली. माल 2021 चा. नोंदणीआधीच्या मालाला ती लागू नाही, असे तेव्हा सुप्रीम कोर्टाचे निकाल होते. म्हणजे तो रस्ता नव्हताच. पण पीओ पहिल्याच दिवशी मागितला असता तर सरळ अहमदाबादचा वकील गाठता आला असता. दोन वर्षं वाचली असती.

परवा मुलगा ऑफिसात आला. तामिळनाडूतल्या इरोडच्या पार्टीचा नवा पीओ, या वेळी सहीआधी दाखवायला. अकरावी अट, फक्त इरोडची कोर्टं. मी म्हटलं, ही काढायला सांग, निदान 'दोन्ही ठिकाणची' असं घालायला सांग. त्याने माझ्यासमोरच फोन लावला. पलीकडचा माणूस मोडक्या हिंदीत दोन वाक्यं बोलला आणि फोन ठेवला.

"दुसऱ्याकडनं घेतो म्हणतोय, काका."

मी काही बोललो नाही. त्याने थोडा वेळ स्क्रीनकडे पाहिलं आणि बोटाने सही केली.