तुम्ही विचारलंत म्हणून: आमच्या आगराची मोजणी

तीस वर्षे भूकरमापक म्हणून दापोली तालुक्यातल्या जमिनी मोजल्या, मग स्वतःच्या आगराची, म्हणजे सुपारीच्या बागेची, मोजणी का करून घेत नाही, असे लग्नात, तेराव्याला, एसटीच्या थांब्यावर कोणीही विचारते. आपल्याच खात्याच्या कामावर माझा भरवसा नाही, असा त्यातला सूर असतो. तसे नाही.

नोकरीच्या चौथ्या वर्षी एका वाडीत हद्दकायम मोजणीला, म्हणजे जमिनीची हद्द जागेवर ठरवून द्यायला, गेलो होतो. दोन घरांमध्ये जांभ्या दगडाचा गडगा, म्हणजे बुटकी भिंत, त्याच्या अलीकडे विहीर. फलक, म्हणजे मोजणीचे तिपाई टेबल, मांडून जुन्या टिपणाशी, म्हणजे मूळ मोजणीच्या मापांच्या नोंदीशी, खुणा जुळवल्या, तर रेषा गडगा सोडून थेट विहिरीतून गेली. रहाट एकीकडे, धुण्याचा दगड दुसरीकडे. मी चुना टाकला. घरची म्हातारी कळशी घेऊन उभी होती. तिने विचारले, "मग उद्यापासून पाणी कोणाला इचारून भरायचं?" ते माझ्या कामात येत नाही, असे मी सांगितले. पुढच्या वर्षी त्या वाटेने गेलो तेव्हा गडगा पाडलेला होता आणि विहिरीवर पत्रा होता.

मोजणी चुकली नव्हती. निमताना मोजणीतही, म्हणजे हरकत घेतल्यावर होणाऱ्या फेरमोजणीतही, तीच रेषा आली, हे मी आजही ठासून सांगेन. पण मूळ टिपण 33 फुटी साखळीचे. तिचे 16 आणे, म्हणजे एक आणा दोन फुटांहून किंचित जास्त. 1:1000 च्या नकाशावर अर्ध्या मिलिमीटरची रेषादेखील जमिनीवर अर्धा मीटर व्यापते. म्हणजे रेषा थोडी इकडेतिकडे होऊ शकते, हे मला तेव्हाही ठाऊक होते. मोजणीने मालकी ठरत नाही, ती दिवाणी न्यायालय ठरवते आणि वहिवाट नकाशावर वेगळी दाखवतात, एवढे तरी दोन्ही घरांना तिथेच समजावता आले असते. मोजणीदार जरा कचरला की त्याने पैसे खाल्ले असे लोक म्हणतात, त्या भीतीने मी गप्प राहिलो.

आमच्या आगरात चुलत भावाच्या आणि माझ्या सुपारीमधून एकच पाट वाहतो, एक दिवस त्याचा, एक दिवस माझा. मी अर्ज केला तर मोजायला दुसरा कोणी येईल आणि रोव्हर, म्हणजे उपग्रहाच्या आधारे मोजणारे यंत्र, सेंटिमीटरात रेषा दाखवील, पण ती येणार त्याच जुन्या टिपणावरून. मुलगा म्हणतो, "बाबा, तुम्ही दोघे आहात तोवर ठीक, पुढे आम्ही काय करायचे?" त्याचे म्हणणे खोटे नाही. अर्ज भरून कपाटात ठेवला आहे; चुलत भावाला अजून सांगितलेले नाही.