चिठ्ठी लावली पण वाचणार कोण

आज ऐरोलीच्या ऑफिसात अख्खी दुपार एका चिठ्ठीपायी गेली राव. जावा या प्रोग्रामिंग भाषेत मी स्वतःचं अ‍ॅनोटेशन बनवलं, @ऑडिट, म्हणजे कोडवर लावायची चिठ्ठीच, आणि मोठ्या हौसेने आठ-दहा मेथडच्या (एकेक काम करणाऱ्या कोडच्या तुकड्यांच्या) डोक्यावर चिकटवलं, म्हटलं आता ही मेथड चालली की लॉग, म्हणजे नोंद, आपोआप पडणार. कसलं काय! कंपाइल मस्त, एरर एक नाही, आणि लॉगही नाही. रिफ्लेक्शनने, म्हणजे चालू प्रोग्रामने स्वतःचाच कोड तपासायच्या सोयीने, चिठ्ठी आहे का विचारलं तर उत्तर नल, म्हणजे काहीच नाही. तीन तास मी लॉगरला शिव्या घालत होतो, बिचारा निर्दोष.

शेवटी बाजूच्या मॅडम चहाचा कप घेऊन आल्या नि म्हणाल्या, "अरे, रिटेन्शन काय दिलंयस?" म्हणजे चिठ्ठी कुठपर्यंत टिकवायची ते. काहीच दिलं नव्हतं. न दिल्यास जावा 'क्लास' धरतं, म्हणजे चिठ्ठी क्लास फाइलपर्यंत (कंपाइल होऊन तयार होते ती फाइल) जाते पण प्रोग्राम चालताना रिफ्लेक्शनला दिसत नाही. 'रनटाइम' लिहिलं, एक ओळ, झालं. @ओव्हरराइड या जावाच्या तयार चिठ्ठीचं रिटेन्शन तर 'सोर्स', कंपायलरने वाचलं की टाकून दिलं, त्याचं काम तेवढंच.

आणि मुळात अ‍ॅनोटेशन स्वतः काहीच करत नाही हो! आई डब्याला 'रवा' अशी चिठ्ठी लावते, म्हणून काय उपमा होतो का, कुणीतरी वाचून डबा काढायला लागतो. जावा ५ पासून, म्हणजे २००४ पासून आहे हे, आणि मी आज शिकतोय.

ठाणे लोकल सुटली ती सुटलीच, आता पुढचीची वाट बघत हे टाइप करतोय.