यादीत नाव लागलं नाही, मग?

ऑगस्ट लागला की तालुक्याच्या कॉलेजांत नोटीस बोर्डापुढे गर्दी होते. एनसीसीच्या (राष्ट्रीय छात्र सेनेच्या) निवडीची यादी लागलेली असते. कोणीतरी मोबाइलवर फोटो काढतं, तो ग्रुपवर जातो, आणि पोरगं एसटीतून उतरायच्या आधी गावाला माहीत झालेलं असतं की त्याचं नाव लागलं नाही. मग पारावर, दळणाच्या चक्कीवर, घरी जेवताना एकच प्रश्न: ‘काऊन रे, काय कमी पडलं?’

बहुतेक वेळा खरं उत्तर साधं असतं, जागा कमी होत्या. ते कोणी सांगत नाही, म्हणून आधी तोच हिशेब मांडतो.

कॉलेजला मिळालेली कॅडेटसंख्या ठरलेली असते आणि ती एनसीसीकडून ठरते, प्राचार्यांकडून नाही. प्रशिक्षण 3 वर्षांचं. म्हणून दरवर्षी तिसऱ्या वर्षाचे जेवढे कॅडेट बाहेर पडतात, साधारण तेवढ्याच जागा रिकाम्या होतात. समजा कॉलेजकडे 54 कॅडेट आहेत, तर वर्षाला 18 जागा. त्यातही मुलींच्या वेगळ्या. मैदानावर 120 पोरं उभी राहिली तर शंभरावर घरी जाणारच, सगळे धावण्यात पटाईत असले तरी. शिवाय शहरातल्या शाळेत ज्यांनी ज्युनियर डिव्हिजन करून ‘ए’ सर्टिफिकेट घेतलेलं असतं, त्यांना बऱ्याच ठिकाणी पसंती मिळते. खेड्यातल्या बहुतेक शाळांत एनसीसीच नाही. पोराने परेड पहिल्यांदा पाहिली ती टीव्हीवर, 26 जानेवारीला. हा फरक त्याच्या अंगातला नाही, त्याच्या वाट्याला आलेल्या शाळेचा आहे, आणि तो घरच्यांनीही समजून घ्यावा.

तरीही काही नावं अशा कारणांनी जातात जी टाळता येतात. सगळ्यात मोठं कारण म्हणजे धावणं.

निवडीची पद्धत कॉलेजगणिक थोडी बदलते, पण मुलांना 1600 मीटर आणि मुलींना 800 मीटर हे सर्रास असतं. मैदान 400 मीटरचं असेल तर मुलांचे चार फेरे. पहिल्यांदा धावणाऱ्याची चूक ठरलेली असते. शिट्टी वाजली की तो पुढच्याच्या पाठीला लागतो आणि पहिला फेरा 70 सेकंदांत काढतो. दुसरा 95 वर जातो, तिसरा 115 वर, चौथ्यात पोटात कळ येते आणि 120 लागतात. बेरीज 6 मिनिटं 40 सेकंद. तोच पोरगा चारही फेरे 95 सेकंदांनी धावला असता तर 6 मिनिटं 20 सेकंदांत आला असता. दम तेवढाच, पाय तेच, 20 सेकंद मात्र नुसत्या घाईत गेले. म्हणून घड्याळ लावून एकच फेरा पुन्हा पुन्हा धावून बघायचा. 95 सेकंद पायाला कसे लागतात ते एकदा कळलं की गर्दीतही पाय चुकत नाहीत.

सराव बारावीच्या निकालानंतर लगेच सुरू केला तर किमान सहा ते आठ आठवडे हातात येतात आणि तेवढे पुरतात. पहिले दोन आठवडे नुसतं हळू धावायचं, बोलता येईल इतक्या वेगाने, 20 मिनिटं, एक दिवसाआड. तिसऱ्या आठवड्यापासून आठवड्यातला एक दिवस 400 मीटरचे चार तुकडे, मध्ये दोन-दोन मिनिटं चालणं. रोज जीव तोडून 1600 धावणाऱ्यांच्या नडग्या दुखायला लागतात आणि नेमक्या निवडीच्या आठवड्यात ते लंगडतात. शेवटचे दोन दिवस पूर्ण आराम.

जागेचं सांगायचं तर पावसाळ्यात काळ्या मातीच्या पांदणीने धावू नका. चार पावलांत बुटाला चिखलाचा गोळा चिकटतो, पाऊल जड पडतं, घोटा मुरगळतो. मुरमाचा रस्ता असेल तर तो घ्या. अंतर मोजायला टेप हवाच असं नाही. 20 मीटरची दोरी एकदा नीट मोजून घ्यायची, ती 20 वेळा टाकली की 400 मीटर झाले, तिथे चुन्याची खूण करायची. अंदाजाने मोजलेलं ‘दीड किलोमीटर’ हे नेहमी कमीच भरतं आणि खरी वेळ मैदानावर कळते.

बूट हा दुसरा घात. निवडीच्या आदल्या बाजाराच्या दिवशी नवा बूट घ्यायचा आणि सकाळी तोच घालून उभं राहायचं, असं दरवर्षी होतं. टाच सोलते आणि तिसऱ्या फेऱ्यात पोरगा बूट हातात घेतो. साधा कॅनव्हासचा बूट चालतो, पण तो दहा दिवस आधी वापरून मऊ झालेला हवा. सुती मोजे कोरडे असावेत. एसटी स्टँड ते कॉलेज पावसात चालत आलात तर दुसरी जोडी पिशवीत ठेवा.

आणि खाणं. सकाळी सातची निवड असेल तर पाचच्या सुमारास अर्धी भाकर किंवा दोन केळी, थोडं पाणी, बस. स्टँडवर तर्री-पोहे खाऊन धावू नका, ते वर येतात. उपाशीही धावू नका. पहाटेच्या गाडीने निघालेलं पोरगं दहा वाजेपर्यंत रांगेत उभं राहतं आणि मग धावतं. चक्कर येऊन पडणाऱ्यांत अशांची गिनती जास्त असते.

आता एक गोष्ट थांबून वाचा. आपल्या विदर्भात, विशेषतः गडचिरोली, चंद्रपूर, गोंदियाकडे, सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे. घरात कोणाला असो-नसो, निवडीआधी प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासणी करून घ्या. आधी साधी सोल्युबिलिटी चाचणी होते, ती पॉझिटिव्ह आली तर इलेक्ट्रोफोरेसिसने रुग्ण की वाहक ते ठरतं. राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान 1 जुलै 2023 ला सुरू झालं, तेव्हापासून तपासणीला जोरही आला आहे. रुग्ण असाल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय धावायचं नाही. वाहकाला रोजच्या जगण्यात सहसा त्रास नसतो, पण उन्हात, पाणी न पिता, एकदम जीव खाऊन धावणं त्याला धोक्याचं ठरू शकतं. सराव हळूहळू वाढवा, पाणी प्या आणि एनसीसीच्या सरांना आधी सांगा. लपवून धावू नका. एका यादीसाठी हा धोका घ्यायचा नसतो.

मुलींचं हिमोग्लोबिनही बघा. 12 च्या खाली असेल तर दम लागतो, आणि पोरगी स्वतःला कमजोर समजते, तर खरं कारण रक्तात असतं. लोहाच्या गोळ्या आरोग्य केंद्रात फुकट मिळतात. त्या चहासोबत घेतल्या तर नीट अंगी लागत नाहीत, लिंबूपाण्यासोबत घ्या. फरक पडायला काही आठवडे जातात, म्हणून हे जूनमध्येच करायचं काम आहे. जुलैत निंदणाला जाणाऱ्या मुलींनी धावण्याचा सराव त्याच दिवशी संध्याकाळी करू नये. दिवसभर वाकून काम केलेली कंबर धावताना साथ देत नाही.

उंची मोजायची पट्टी लावतात तेव्हा पोरं घाबरतात. माणूस सकाळी थोडा उंच असतो, संध्याकाळी सेंटिमीटरभर कमी भरतो. घरी मोजायचं तर सकाळी, अनवाणी, टाच-पाठ-डोकं भिंतीला लावून मोजा.

मैदानावर एनसीसी बटालियनचे उस्ताद, म्हणजे कवायत शिकवणारे, उभं राहायला सांगतात. तिथे तीन गोष्टी येत असल्या तरी पुरेत. सावधानमध्ये टाचा जुळलेल्या, पंजांत 30 अंशांचा कोन, मुठी बंद, अंगठा पॅन्टच्या शिवणीला लागलेला. विश्राममध्ये डावा पाय 12 इंच बाजूला. ‘दाहिने मुड’ म्हटलं की उजव्या पायाची टाच आणि डाव्या पायाचा पंजा यांवर वळायचं. घाबरलेला पोरगा दोन्ही पाय उचलून उडी मारतो. आरशापुढे दहा मिनिटं, आठवडाभर, एवढंच लागतं. मुलाखतीत ‘एकता और अनुशासन’ हे ब्रीद, 1948 चा कायदा, नोव्हेंबरचा चौथा रविवार हा एनसीसी दिवस, ध्वजाचे तीन रंग तीन सैन्यदलांचे, हे विचारतात. उत्तर मराठीत दिलं तरी चालतं. येत नसेल तर ‘माहीत नाही सर’ म्हणा. गप्प उभं राहणं जास्त नुकसान करतं.

कागदांपायी गेलेल्या नावांचं सगळ्यात वाईट वाटतं. आधारवर एक नाव, दहावीच्या गुणपत्रिकेवर दुसरं स्पेलिंग. बँक खातं वडिलांच्या नावाने किंवा जोडखातं, आणि गणवेशाचा भत्ता थेट कॅडेटच्या खात्यात यायचा असतो. कधी खातं बरेच दिवस न वापरल्याने बंद पडलेलं. आधारची दुरुस्ती व्हायला वेळ लागतो, म्हणून प्रवेशाच्या फॉर्मसोबतच हे उरकून घ्या: आधार, गुणपत्रिका, स्वतःच्या नावाचं चालू पासबुक, रक्तगट, फोटो, वैद्यकीय दाखला.

एवढं सगळं करूनही नाव लागलं नाही, तर त्या आठवड्यात काय करायचं?

पहिलं म्हणजे प्रतीक्षा यादी विचारा. हे फार कमी पोरं करतात. यादी लागल्यावरही दोन-तीन आठवडे जागा हलत राहतात, कारण कोणाला नर्सिंगला प्रवेश मिळतो, कोणी कृषीच्या किंवा इंजिनिअरिंगच्या पुढच्या फेरीत निघून जातं, कोणाच्या घरचे नाही म्हणतात. बटालियनकडे अंतिम नोंदणी जाईपर्यंत सरांना त्या जागा भरायच्याच असतात, आणि तेव्हा जो कागद घेऊन समोर उभा असतो त्याचं नाव जातं. सरांना एकटे भेटा, वर्गाबाहेर, तास संपल्यावर. ‘सर, माझं प्रतीक्षेत कितवं आहे? जागा झाली तर मी तयार आहे’ एवढं बोला आणि चालू असलेला मोबाइल नंबर लिहून द्या. गावात रेंज नसेल तर शेजारच्याचाही द्या.

दुसरं, वशिला लावू नका. पोराचं नाव लागलं नाही की बाप कोणा पुढाऱ्याकडे जातो, पुढारी प्राचार्यांना फोन लावतो. बापाची तळमळ खरी असते. पण पुढे तीन वर्षं ज्या सरांच्या हाताखाली काढायची, त्यांच्या मनात पोराची ओळख ‘फोनवाला’ अशी होऊन बसते. निवडीत चूक झाली असं खरंच वाटत असेल तर प्राचार्यांच्या नावाने साधा अर्ज द्या, आपले गुण आणि वेळ दाखवायची विनंती करा, आणि आवकचा शिक्का मारलेली प्रत घ्या. अर्जाने मान कमी होत नाही.

‘पुढच्या वर्षी बघू’ यावर मात्र सगळं सोडू नका. ‘बी’ सर्टिफिकेटच्या परीक्षेला दोन वर्षांचं प्रशिक्षण, 75 टक्के हजेरी आणि कॅम्प लागतो. ‘सी’ त्याच्या पुढे, तिसऱ्या वर्षी. तीन वर्षांच्या पदवीत दुसऱ्या वर्षी आत गेलात तर ‘सी’ हातून जातं.

‘सी’ गेल्याने काय जातं, तेही नेमकं बघा. सैन्यात अधिकारी व्हायच्या एनसीसी स्पेशल एंट्रीची वाट बंद होते. तिथे ‘सी’ला किमान ‘बी’ ग्रेड आणि पदवीला 50 टक्के असले की लेखी परीक्षेशिवाय थेट एसएसबीला, म्हणजे सैन्याच्या निवड मंडळापुढे मुलाखतीला, बोलावतात. एसएससी जीडीच्या (निमलष्करी दलांतल्या शिपायांच्या) भरतीत ‘सी’ असलेल्याला एकूण गुणांच्या 5 टक्के आणि ‘बी’ला 3 टक्के जादा मिळतात, ते मिळणार नाहीत. पण बाकीच्या वाटा खुल्या राहतात. पदवीनंतर यूपीएससीची सीडीएस परीक्षा देऊन अधिकारी होता येतं, तिला एनसीसीची अट नाही. अग्निवीरला नाही, पोलीस भरतीला नाही. पोलीस भरतीत तर मुलांना तेच 1600 मीटर असतात, 5 मिनिटं 10 सेकंदांत आलात तर पूर्ण 20 गुण. म्हणजे निवडीसाठी केलेला सराव तसाच पुढे चालू ठेवायचा.

आणि एनएसएस, म्हणजे राष्ट्रीय सेवा योजना. तिला ‘एनसीसीत न लागलेल्यांची’ म्हणणं बंद करा. 24 सप्टेंबर 1969 ला सुरू झालेली ही योजना आहे. वर्षाला 120 तास, दोन वर्षांत 240, आणि दत्तक गावात सात दिवसांचं शिबिर. 26 जानेवारीच्या दिल्लीच्या परेडमध्ये एनएसएसचंही पथक चालतं, आणि तिथे जायला एनसीसीची यादी आड येत नाही. शिबिरात वनराई बंधारा घालायचा असला की कळतं काम काय असतं. सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांत वाळू-माती पाऊण भरायची, गच्च नाही, म्हणजे पोतं बसतं. तोंड सुतळीने शिवायचं. विटांसारखे सांधे चुकवून थर लावायचे, नाहीतर पाणी सरळ सांध्यातून निघून जातं. नावनोंदणी साधारण त्याच दिवसांत चालते, म्हणून एनसीसीच्या यादीचं दुःख करत बसलात तर हीही तारीख जाते.

राहिला सोबतीचा प्रश्न. एका गावचे तिघं एकाच गाडीने येतात, एकाचं नाव लागतं, दोघांचं नाही. परेडच्या दिवशी तो पहाटेची गाडी धरतो आणि हे दोघं दहाच्या गाडीने येतात. इथून मैत्री तुटते, न बोलता. दोघांनीही पहाटेचीच गाडी धरावी. परेड मैदानाच्या मध्ये चालते, बाहेरच्या कडेने धावायला सहसा कोणी मनाई करत नाही, फक्त सरांना आधी विचारायचं. परेड संपली की तिघं एका नळावर पाणी पितील.