पणजोबांची समाधी आणि खुर्दचा रुमाल

खानदेशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पितरांच्या नावाने घागर भरतात. माझ्या माहेरी दरवर्षी पणजोबांच्या नावाने घागर भरली जात असे, तिच्यावर सांजोरी आणि आंबा ठेवला जात असे. परंतु ज्यांच्या नावाने ही घागर भरायची, त्यांची समाधी नेमकी कोठे आहे, हे घरातल्या कोणालाही सांगता येत नव्हते. आमचे घराणे गोसाव्यांचे. दशनामी परंपरेत मृतदेहाला अग्नी न देता, त्याला बसवून, मीठ घालून समाधी देण्याची रीत आहे. ज्यांच्याकडे दहन होते, त्यांच्या अस्थी तापीच्या पाण्यात जातात आणि पुढे जागेचा प्रश्न उरत नाही. आमच्याकडे मात्र माणूस एका जागी बसलेला असतो, आणि ती जागा घराने विसरणे हे मला मनापासून लाजिरवाणे वाटत आले आहे.

आजी अहिराणीत एवढेच सांगत असे, "मना सासरानी समाधी नदीना काठले, निंबना झाडजोडे शे." १९४० च्या सुमारास ती लग्न होऊन घरात आली, तेव्हा तिला समाधीच्या ओट्याच्या दर्शनाला नेले होते. पुढे घर गावातून उठले, वडील नोकरीनिमित्त धुळ्याला आले, निंब कधी पडला ते कोणी पाहिले नाही आणि आजीही गेली. माझ्या हाती तिचे ते एक वाक्य उरले होते, आणि पणजोबा "मोठ्या तापाच्या साली" गेले, एवढी आठवण. मोठ्या तापाचे साल म्हणजे इन्फ्लुएंझाच्या साथीचे १९१८, असा मी अंदाज बांधला. तो बरोबर निघाला. पण तो बरोबर आहे हे कागदावर पाहायला मला साडेसात महिने लागले, आणि त्यांतले जवळपास सर्व महिने एकाच टप्प्यावर गेले.

तो टप्पा होता गाव नमुना १४. जन्ममृत्यूच्या जुन्या नोंदींचे हे बूक लोकांच्या तोंडी 'कोतवाल बूक' म्हणून ओळखले जाते. जुनी बुके बहुधा तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात असतात आणि आज त्यांच्या नकला मुख्यतः जात पडताळणीसाठी काढल्या जातात. माझ्या अडचणीचे मूळ येथेच होते. आमचे गाव पूर्वी शेजारच्या तालुक्यात होते आणि नंतर आताच्या तालुक्यात आले. आताच्या तालुक्याच्या कार्यालयात मी कोर्ट फीचे तिकीट लावून साधा अर्ज दिला, तेव्हा मला पहिला प्रश्न विचारला गेला तो प्रयोजनाचा. मी "पणजोबांची समाधी शोधण्यासाठी" असे लिहिले होते. टेबलामागच्या कर्मचाऱ्याने ते दोनदा वाचले आणि असे प्रयोजन चालत नाही, जात पडताळणी असेल तर तसे लिहा, असे सांगितले. खोटे कारण लिहिण्याची माझी तयारी नव्हती. दुसरा प्रश्न आडनावाचा होता. माझे आडनाव सासरचे असल्याने त्या मृत माणसाची मी कोण, हे सिद्ध करण्यास मला सांगण्यात आले. मी माझा शाळा सोडल्याचा दाखला, वडिलांचा दाखला आणि हाताने लिहिलेली वंशावळ घेऊन पुन्हा गेले. त्या वेळी अभिलेखपाल निवडणुकीच्या कामावर होते. त्यानंतरच्या खेपेला ते भेटले आणि जुनी बुके पहिल्या तालुक्याकडून आलेलीच नाहीत, असे त्यांनी उभ्याउभ्या सांगितले.

पहिल्या तालुक्याच्या कार्यालयात मला याच्या नेमके उलटे उत्तर मिळाले. गाव आमच्या यादीत नाही, दप्तरे केव्हाच तिकडे गेली, असे तेथे सांगण्यात आले. मी दोन्ही कार्यालयांना हे लेखी द्या अशी विनंती केली आणि दोन्हींनी ती टाळली. एस.टी.ने एका बाजूला दीड तास, दुसऱ्या बाजूला दोन तास, आणि पोहोचल्यावर दुपारी चारनंतर येण्याची सूचना, असे एकूण अकरा वेळा झाले. या काळात कुणबी नोंदी शोधण्याच्या मोहिमेमुळे अभिलेख कक्षांवर कामाचा मोठा ताण होता, हे मला दिसत होते आणि मान्यही आहे. परंतु ताण असला तरी "बूक आमच्याकडे आहे" किंवा "नाही" एवढे एक वाक्य कागदावर लिहून देण्यास वेळ लागत नाही, आणि ते वाक्य मला पाच महिने कोणी दिले नाही. याचा राग अजून माझ्या मनातून गेलेला नाही.

यातून मार्ग सुचवला तो आमच्या गल्लीतल्या एका निवृत्त तलाठीभाऊंनी. साधा अर्ज बाजूला ठेवा आणि माहिती अधिकारात मागा, असे ते म्हणाले. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ६(२) प्रमाणे अर्जदाराला माहिती कशासाठी हवी याचे कारण, किंवा संपर्कापुरते सोडून स्वतःचे इतर तपशील, द्यावे लागत नाहीत. ज्या प्रयोजनाने आणि आडनावाने मला अडवून धरले होते, ते दोन्ही प्रश्न या एका कलमाने मिटले. त्यांनी मला कलम ६(३) ही दाखवले. माहिती दुसऱ्या कार्यालयाकडे असेल, तर अर्ज ज्याच्याकडे आला त्याने तो पाच दिवसांच्या आत तिकडे वर्ग करावा आणि अर्जदाराला तसे कळवावे, असे ते कलम सांगते. मी दहा रुपयांचे कोर्ट फी तिकीट लावून आताच्या तालुक्याकडे अर्ज केला आणि शेवटी स्पष्ट लिहिले की, बुके येथे नसल्यास अर्ज कलम ६(३) खाली पहिल्या तालुक्याकडे वर्ग करावा. आठव्या दिवशी वर्ग केल्याचे पत्र घरी आले. पत्र चार ओळींचे होते, पण "सदर अभिलेख या कार्यालयात उपलब्ध नाहीत" हे वाक्य पाच महिन्यांनंतर प्रथमच सहीशिक्क्यासह माझ्या हाती आले होते, आणि मी ते देवाजवळ नेऊन ठेवले.

पुढे तिसाव्या दिवसाच्या तोंडावर पहिल्या तालुक्याचे उत्तर आले, "अभिलेख आढळून येत नाही." येथे बहुतेक जण थांबतात, आणि माझे कळकळीचे सांगणे आहे की येथे थांबू नये. आढळून येत नाही याचा अर्थ अस्तित्वात नाही असा होत नाही; कोणी, कोठे आणि किती पाहिले, हे त्या तीन शब्दांत कोठेच नसते. उत्तर मिळाल्यापासून तीस दिवसांच्या आत पहिले अपील करता येते आणि त्याला वीस रुपयांचे तिकीट लागते. मी अपिलात नक्कल मागितलीच नाही, कारण माहिती अधिकारी शोध घेण्यास कंटाळला तर पुन्हा तेच तीन शब्द आले असते. मी १९१६ ते १९२० या वर्षांच्या, आमच्या गावाच्या आणि लगतच्या गावांच्या मृत्यू नोंदींची बुके स्वतः पाहण्याची, म्हणजे अभिलेखांच्या निरीक्षणाची, मागणी केली. सुनावणीत अपिलीय अधिकाऱ्यांनी अभिलेखपालांना, कोणती दप्तरे उघडून पाहिली, असे विचारले. त्यांना एकाही दप्तराचे नाव सांगता आले नाही. निरीक्षणाचा आदेश झाला.

लगतच्या गावांची बुके मागण्याची सूचनाही तलाठीभाऊंचीच होती आणि सगळे यश तिच्यात होते. आमचे गाव बुद्रुक. पलीकडे त्याच नावाचे खुर्द. अभिलेख कक्षात दप्तरे बांधलेले लाल कापडाचे रुमाल फडताळांवर रचलेले होते आणि बुद्रुकच्या रुमालात १९२६ च्या आधीचे काहीच नव्हते. खुर्दचा रुमाल सोडला, तेव्हा त्यात दोन्ही गावांची बुके एकत्र बांधलेली निघाली. म्हणजे आमचे बूक हरवले नव्हते आणि दुसऱ्या तालुक्यात गेलेही नव्हते. ते अकरा खेपांच्या त्या सर्व काळात, मी ज्या खोलीच्या दाराशी उभी राहत होते त्याच खोलीत, बारा-पंधरा फुटांवर, शेजारच्या गावाच्या रुमालात बांधलेले होते.

बूक मोडी लिपीत होते. मोडी मला येत नाही, पण महिनाभर आधी मी एका जाणकारांकडून फक्त चार शब्द लिहून घेऊन ते गिरवले होते, गावाचे नाव, पणजोबांचे नाव, 'गोसावी' आणि 'ताप'. संपूर्ण लिपी शिकण्याची वाट पाहू नये. आपल्याला हवे तेवढे शब्द डोळ्यांना ओळखीचे झाले की पाने चाळता येतात. ऑक्टोबर १९१८ ची पाने चाळताना 'ताप' हा शब्द मी इतक्या वेळा वाचला की तो वाचणेच नकोसे झाले. एरवी महिन्याला एखाददुसरी नोंद असलेल्या त्या बुकात एका दिवसाला चार-चार मृत्यू होते, आणि काही घरांतली माणसे ओळीने खाली लिहिलेली होती. लिहिणाऱ्याचा हातही मध्येच बदलला होता.

पणजोबांची नोंद मी पहिल्यांदा ओलांडून पुढे गेले, कारण नावापुढे त्यांच्या वडिलांचे नाव नव्हते. आमच्यासारख्या घरबारी गोसाव्यांतही जुन्या कागदांवर पुष्कळदा बापाच्या जागी गुरूचे नाव लिहिलेले असते, ही गोष्ट मला पान उलटल्यावर आठवली. गिरी, पुरी, भारती अशी नावे असलेल्या घरांनी ही बाब आधीच लक्षात ठेवावी. मी मागे आले. नाव, गुरूचे नाव, जात गोसावी, वय चाळीस, कारण ताप. प्रमाणित नकलेला पानामागे दोन रुपये लागले. धुळ्यात राजवाडे संशोधन मंडळासारखी जुनी संस्था असल्याने शहरात मोडी जाणणारी माणसे आहेत. त्यांतल्या एकांनी पूर्ण नोंदीचे बाळबोध लिप्यंतर करून दिले.

मृत्यूच्या नोंदीत समाधीची जागा नसते, हे मला ठाऊक होते. जागा सापडते ती जमिनीच्या कागदांत, आणि तो भाग आश्चर्य वाटावे इतका सुरळीत पार पडला. गुरूचे नाव हाती आल्यामुळे जुन्या फेरफारांत पणजोबांच्या मृत्यूनंतरची वारस नोंद सापडली. आजोबा सहा वर्षांचे असल्याने त्यांच्या नावापुढे अ.पा.क., म्हणजे अज्ञान पालनकर्ता, म्हणून चुलत्यांचे नाव होते. १९२७ च्या फेरफारात त्या चुलत्यांनी जमीन विकल्याची नोंद होती, आणि तिच्यात "समाधीची जागा सोडून" असे शब्द होते. जमीन विकावी लागली, तरी त्या चुलत्यांनी आपल्या भावाची जागा विकली नव्हती. भूमी अभिलेख कार्यालयातून एकत्रीकरण योजनेचा उतारा घेतला, त्यावरून जुन्या सर्व्हे नंबराचा आजचा गट नंबर कळला. त्या गटाच्या सातबाऱ्यावर दोन गुंठे पोटखराबा, म्हणजे लागवडीखाली न येणारी जमीन, होता. दफनभूमी किंवा समाधीखालील जागा पोटखराब 'ब' मध्ये दाखवलेली असू शकते, म्हणून असा लहानसा पोटखराबा दिसला तर तो खडकाळ तुकडा समजून सोडून देऊ नये.

जुन्या कागदांच्या मथळ्यांविषयीही सांगायला हवे, कारण सुरुवातीला त्यामुळे माझे दोन दिवस वाया गेले. १९०६ पर्यंत खानदेश हा एकच जिल्हा होता. त्यानंतर पूर्व खानदेश आणि पश्चिम खानदेश असे दोन झाले, तेच आजचे जळगाव आणि धुळे. नंदुरबार तर १ जुलै १९९८ रोजी वेगळा झाला. त्यामुळे मथळ्यावर जिल्ह्याचे आजचे नाव दिसले नाही, म्हणून कागद बाजूला सारू नये.

त्या गटात आज केळी आहे. मालकांच्या आईंनी आम्हाला बांधावरून नेले. बागेच्या मधोमध ठिबकच्या नळ्या एका दगडी ओट्याला वळसा घालून गेल्या होत्या. ओट्यावर पादुका झिजून जवळजवळ सपाट झाल्या होत्या आणि नारळाच्या शेंड्या पडलेल्या होत्या. त्या याला गोसावीबाबा म्हणतात आणि दर आखाजीला नारळ ठेवतात. बाबांचे नाव काय, असे त्यांनी विचारले, कारण त्यांच्या सासूलाही ते माहीत नव्हते. मी पिशवीतून नक्कल काढून त्यांना नाव वाचून दाखवले आणि नकलेची एक प्रत त्यांच्याकडे ठेवून आले.

सातबाऱ्याच्या इतर हक्कात समाधीची नोंद व्हावी, यासाठी मालकांनी संमती देण्याचे कबूल केले आहे. तो अर्ज मी आखाजीनंतर देणार आहे, आणि त्याची पोच मात्र त्याच दिवशी, शिक्क्यासह घेणार आहे.