गोळीनंतरचं खरं काम

आदल्या संध्याकाळी दिसलेला हरणाचा नर मोठा होता. पण तो उभा होता घळीच्या पलीकडे, खाली थेट कडा. भाऊजींनी बराच वेळ दुर्बिणीतून पाहिलं आणि बंदूक उचललीच नाही. "पडला तर तिथून काढायचा कसा, वहिनी?" एवढंच म्हणाले. न्यूझीलंडमधल्या शिकारीबद्दल मला कोणी विचारलं तर मी आधी हेच सांगते: गोळी झाडण्याआधी परतीची वाट बघायची.

भाऊजी क्राइस्टचर्चला बरीच वर्षं आहेत, बंदुकीचा परवाना त्यांचा. मी ओझं वाहायला सोबत. एप्रिल म्हणजे नरांच्या माजाचा काळ, जंगल त्यांच्या डरकाळ्यांनी घुमत असतं. आपल्याकडे 1972च्या कायद्याने शिकार बंद आहे आणि ते योग्यच आहे. इथली गोष्ट वेगळी. हे लाल हरीण युरोपातून आणलेलं, पहिली हरणं 1851मध्ये आली. त्यांना खाणारा प्राणी इथे नाही, त्यामुळे कोवळी रोपं वाढूच देत नाहीत. सरकारी जंगलात शिकारीची परवानगी संवर्धन खातं फुकट देतं. 1930च्या दशकापासून सरकारने पगारी शिकारी नेमले, पण ते शेपट्या नाहीतर कातडी तेवढी आणत. मांस डोंगरातच कुजायचं, कारण वाहून आणणं परवडत नव्हतं. पुढे 1960च्या दशकात हेलिकॉप्टरं आली, तेव्हा कुठे ते व्यापारी प्रमाणावर खाली येऊ लागलं. आमच्याकडे हेलिकॉप्टर नव्हतं, दोघांच्या दोन पाठी होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी लुईस पास या खिंडीजवळ, बीच नावाच्या झाडांच्या जंगलात तरणा नर मिळाला. पडला तो डोंगरधारेपासून थोडा खाली, हे बघूनच गोळी झाडली होती. जिवंतपणी शंभर किलोच्या वरचा असावा. जनावर लहान असलं तर इथले लोक मागच्या पायांच्या सांध्यात चीर देऊन पुढचे पाय त्यात अडकवतात आणि अख्खं धूड पाठीवर घेतात. एवढ्या मोठ्या नराचं तसं करणं म्हणजे गुडघे घालवणं.

म्हणून जागेवरच सोडवायचं. आधी पोट उघडून आतडी काढली. मूत्राशयाला सुरी लागू द्यायची नाही, तिथे भाऊजींचा हात एकदम सावकाश झाला. मग मांड्या, फरे म्हणजे खांद्यासकट पुढचे पाय, पाठीच्या दोन्ही लांब पट्ट्या, मान. मांस प्लास्टिकमध्ये कोंबलं की आतल्या उष्णतेने बिघडतं, म्हणून सुती पिशव्या आणि सावलीतली फांदी.

खरा त्रास गांधीलमाश्यांचा. इथल्या बीचच्या सालीत राहणारे बारीक किडे गोड थेंब सोडतात, त्याने खोडं काळ्या बुरशीने माखलेली असतात आणि त्या गोडव्यावर या माश्या पोसलेल्या. सुरी फिरली की काही मिनिटांत त्या हजर. कापलेल्या मांसावर बसून अक्षरशः तुकडे तोडून नेतात. मी एका हाताने पिशवीचं तोंड धरून दुसऱ्या हाताने फांदी हलवत होते. ऊन चढायच्या आत आवरलं म्हणून निभावलं.

हाडं काढून मांस चाळीस किलोच्या आसपास भरलं. एक फरा मात्र हाडासकट ठेवला, रश्श्यासाठी. त्याचा तपकिरी पाय पिशवीबाहेर डोकावत होता, त्याला भाऊजींनी नारिंगी कापड गुंडाळलं. झाडीत हलणारा हरणाचा पाय दुसऱ्या शिकाऱ्याला दिसला तर काय होईल, ते सांगायला नको.

"ओझं उभ्याने घ्यायचं नाही, वहिनी. उताराकडे तोंड करून बसा, पट्टे घाला, मग पुढे झुकून उठा." जड पिशवी वर, खांद्यांच्या हाडांना चिकटून, खाली लोंबली की प्रत्येक पावलाला मागे ओढते. खाली ओढा दिसत होता आणि पाय आपोआप तिकडे वळतात. पण असे ओढे पुढे धबधब्यात नाहीतर कड्यावर नेऊन सोडतात आणि ओझ्यासकट परत चढणं फार जीवघेणं. आम्ही धार धरली. झाडांना गुलाबी फिती बांधत, अर्धं ओझं पुढे नेऊन ठेवायचं, रिकाम्या पाठीने मागे यायचं, उरलेलं आणायचं. शेवाळलेली आडवी खोडं ओलांडताना आधी काठी, मग पाय, मग वजन. माझ्या मांड्या थरथरायला लागल्या तेव्हा भाऊजींनी काही न विचारता माझ्या ओझ्यातली एक पिशवी स्वतःकडे घेतली.

नदी शेवटी ओलांडायची होती. वरच्या खोऱ्यात ढग भरले होते आणि इथली नदी पावसात काही तासांत चढते, म्हणून जेवण पलीकडे गेल्यावरच. पट्टे सैल केले, कमरेचा बकल सोडला, म्हणजे घसरलंच तर ओझं टाकता यावं. पाणी मांडीपर्यंत आणि बर्फासारखं गार.

गाडीत बर्फाच्या पेट्या तयार होत्या. हौशी शिकाऱ्याला हे मांस विकता येत नाही, त्यामुळे अर्धं शेजारी आणि मित्रांच्या घरी गेलं. फऱ्याचा रस्सा आमच्याकडे झाला. हरणाच्या मांसाला चरबी जवळजवळ नसते, म्हणून तेल थोडं जास्त आणि मंद आच.